फवारलेल्या वाफ्यात प्रतिकारक वाण दिसणार कसा?

मा. संपादक,
स. न.

तूर फुलोऱ्यात आली की कृषिविषयक पानांवर ठरलेला मजकूर येतो. कामगंध सापळे लावा, अंडी दिसली की निंबोळी अर्क मारा, अळी मोठी झाली तर अमुक कीटकनाशक, पंधरा दिवसांनी तमुक. सल्ला चुकीचा नाही. पण शेतात उभा असलेला वाण कोणता आणि तो अळीपुढे किती टिकतो, हा प्रश्न त्यात कधी येत नाही. बियाण्याच्या पिशवीचीही तीच गत. ‘मर व वांझ रोगास प्रतिकारक’ हे शब्द ठळक असतात आणि बीडीएन ७११ किंवा बीएसएमआर ७३६ हे तुरीचे वाण घेणारा शेतकरी पुष्कळदा त्या शब्दांवरच पिशवी उचलतो. घाटेअळी किंवा शेंगमाशीबद्दल मात्र एक तर काहीच नसते, नाही तर ‘किडीस कमी बळी पडतो’ असा गुळमुळीत शेरा असतो. कोणापेक्षा कमी, किती टक्के कमी, फवारून की न फवारता, याचा पत्ता नाही.

यावर ठरलेले उत्तर असे, की कडधान्यांत किडीला प्रतिकारक वाण नसतातच. हे अर्धसत्य आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था सुरू झाली. तिथे पुढच्या काळात तुरीचे आणि हरभऱ्याचे प्रत्येकी चौदा हजारांवर नमुने हेलिकोव्हर्पा अळीपुढे, म्हणजे घाटेअळीपुढे, तपासले गेले. अळी अजिबात लागत नाही असे वाण लागवडीच्या तुरीत किंवा हरभऱ्यात हाती आले नाहीत. हाती आले ते कमी ते मध्यम प्रतिकाराचे. आणि इथेच बहुतेकांचा उत्साह मावळतो, कारण रोगाची सवय लागलेली असते. मर रोगाच्या वाफ्यात झाड उभे राहते किंवा वाळते, निकाल हो-नाहीत लागतो. अळीचा निकाल टक्क्यांत लागतो. जी अळी कापूस, तूर, हरभरा, टोमॅटो, मका, सूर्यफूल असे काय वाटेल ते पचवते, तिला तुरीतला एखादा घटक पार थोपवील ही अपेक्षाच जास्तीची. पण चाळीस टक्के किडक्या शेंगांच्या जागी सव्वीस टक्के झाल्या तर एक फवारणी वाचू शकते, आणि तोही प्रतिकारच.

कॅन्सासचे कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ साली अशा प्रतिकाराचे तीन प्रकार मांडले, ते आजही कामाचे आहेत. पहिला नावडीचा. मादी पतंग त्या झाडावर अंडी घालायला कमी बसते. दुसऱ्यात अळी झाड खाते, पण खाल्लेले तिच्या अंगी लागत नाही. ती लहान राहते, उशिरा कोषात जाते किंवा मधेच मरते. तिसरा सोसण्याचा. अळी तितकीच लागते, पण झाड पुन्हा फुलते आणि नुकसान भरून काढते. हे तिन्ही वेगवेगळे मोजावे लागतात. एकाच्या मापाने दुसरा मोजला की चांगला वाण कचऱ्यात जातो.

हरभऱ्याचे उदाहरण आपल्या घरातले आहे. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या शेतातून अनवाणी चालले की पायाच्या भेगा चरचरतात, कोवळा शेंडा जिभेला लावला की आंबट लागतो. पूर्वी रात्री पिकावर पातळ फडके अंथरायचे आणि सकाळी ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवायची, अपचनावर द्यायला. ही आंब म्हणजे पानांवरच्या, घाट्यांवरच्या ग्रंथींच्या केसांतून पाझरणारा आम्लांचा घाम. त्यात मुख्यतः मॅलिक आम्ल असते, म्हणजे सफरचंदातले, आणि त्याच्या जोडीला ऑक्झॅलिक. सुरुवातीला श्रेय मॅलिकला मिळाले, कारण ते भरपूर असते आणि मोजायलाही सोपे. १९९०च्या दशकात इक्रिसॅटमध्ये दोन्ही आम्ले वेगवेगळी अळीच्या कृत्रिम खाद्यात मिसळून पाहिली, तेव्हा अळीची वाढ ऑक्झॅलिकने खुंटली, मॅलिकने नाही. प्रतिकारक वाणांच्या पानांवर ऑक्झॅलिकच जास्त साठलेले आढळले. म्हणजे केवळ आंबटपणावर वाण निवडत बसलो तर चुकीच्या आम्लामागे धावतो. आयसीसी ५०६ हा नमुना याच कामातून पुढे आला आणि त्यापासून निवडलेला ‘ईबी’ गट आजही चाचण्यांत प्रतिकारक तुल्य वाण, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेला वाण, म्हणून लावतात.

या आंबेची अडचण अशी की ती धुतली जाते. अवकाळी सरीने किंवा तुषार सिंचनाने पाने धुतली गेली की संरक्षणही काही काळ उतरते. चाचणीतही हेच घडते. डहाळी बोटात धरून चुरगळली, बादलीतल्या पाण्यात बुडवून आणली, की वाणाचा निम्मा गुण तिथेच गेला. उलट याचाच उपयोग करता येतो. एकाच वाणाच्या दोन डहाळ्या घ्याव्या, एक स्वच्छ पाण्याने धुवावी, एक न धुता ठेवावी, दोन्हींवर सारख्या अळ्या सोडाव्या. धुतलेल्या डहाळीवरच्या अळ्या जाड झाल्या आणि न धुतलेल्या डहाळीवरच्या बारीक राहिल्या, तर गुण पानाच्या पृष्ठभागावर आहे. दोन्हीकडे बारीकच राहिल्या तर गुण पानाच्या आत आहे. पैदासकाराला, म्हणजे नवे वाण घडवणाऱ्याला, हा फरक माहीत असला पाहिजे, कारण आतला गुण पावसाने उतरत नाही.

प्रयोगशाळेत यासाठी डहाळीची पद्धत रूढ आहे आणि ती कृषी महाविद्यालयाच्या साध्या खोलीतही जमते. प्लास्टिकच्या पेल्यात तीन टक्के आगर, म्हणजे जेलीसारखे थिजणारे द्रावण, ओतायचे, साधारण दहा मिलिलिटर, आणि पेला तिरका ठेवून ते थिजू द्यायचे. हरभऱ्याचा तीन-चार पूर्ण उघडलेल्या पानांचा शेंडा धारदार पात्याने कापून देठ लगेच आगरमध्ये खोचायचा. पान आगरला टेकता कामा नये, टेकले तर कुजते. मग मऊ केसांच्या ब्रशने अंड्यातून नुकत्याच निघालेल्या दहा अळ्या सोडून झाकण लावायचे. सुमारे २७ अंश तापमान ठेवायचे. बळी पडणाऱ्या तुल्य वाणाची पाने ऐंशी टक्क्यांहून अधिक खाल्ली गेली, की सगळ्या पेल्यांचे निरीक्षण एकाच दिवशी घ्यायचे. बहुधा तो पाचवा दिवस असतो. पान किती खाल्ले याला एक ते नऊ गुण, किती अळ्या जगल्या याची मोजणी, आणि जगलेल्या अळ्यांचे वजन. तिन्ही आकडे हवेत. हाच पेला आठ-दहा दिवस ठेवला तर घोटाळा होतो. मोठ्या अळ्या एकमेकींना खातात, पेल्यात एक-दोन लठ्ठ अळ्या उरतात, आणि ‘जगण्याचे प्रमाण कमी’ म्हणून वाण प्रतिकारक ठरतो. मारले कोणी, तर बहिणीने.

तुरीत ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. तुरीचे खरे नुकसान पानांचे नसून फुलांचे आणि शेंगांचे असते, आणि पानावर बरा दिसलेला वाण शेंगेवर बरा असेलच असे नाही. त्यामुळे फुलोऱ्याच्या डहाळीवर तारेच्या सांगाड्याची जाळीपिशवी चढवून त्यात मोजून अळ्या सोडाव्या लागतात. पिशवी चढवण्याआधी आत कोळी, लेडी बर्ड भुंगेरा किंवा आधीचीच अळी राहिली नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे लागते. एक कोळी राहिला तरी त्या पिशवीचा आकडा फुकट.

तुरीत खरा खजिना रानात आहे. कॅजेनस स्कॅराबिऑइडिस ही तुरीची रानटी बहीण गवतावर, झुडपांवर चढणारी बारीक वेल आहे. पाने लहान, शेंग बोटाच्या पेराएवढी, तिच्यावर दाट, ताठ लव. भिंगाखाली पाहिले तर अंड्यातून निघालेली दीड मिलिमीटरची अळी या लवेच्या टोकांवर अडकलेली दिसते. तोंड शेंगेच्या सालीपर्यंत पोचतच नाही, सरकायला जागा नाही, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत खायला मिळाले नाही तर ती संपते. लागवडीच्या तुरीच्या शेंगेवरही केस असतात, पण त्यांतले पुष्कळ ग्रंथींचे, चिकट स्रावाचे. त्या स्रावातले काही घटक अळीला उलट खायला लावतात. म्हणजे ‘लव असलेली शेंग चांगली’ एवढे म्हणून भागत नाही. कोणती लव, हे पाहावे लागते. कॅजेनस प्लॅटिकार्पस या दुसऱ्या रानटी जातीतही चांगला प्रतिकार आहे, पण तिचा तुरीशी सरळ संकर होत नाही. कोवळा गर्भ शेंगेतून काढून काचेच्या नळीत वाढवावा लागतो.

स्कॅराबिऑइडिसचा संकर मात्र होतो, आणि पहिल्या पिढीत तिची लव उतरतेही. अडचण पुढे येते. लवेबरोबर वेलीची सवय, काळसर बारीक दाणा आणि तडकणारी शेंग हेही येते. पुन्हा पुन्हा चांगल्या तुरीशी संकर करत ते एकेक गाळावे लागते आणि दर पिढीत लव राहिली की गेली हे भिंगाने तपासावे लागते. त्यात तूर हे मधमाश्यांचे आवडते पीक. शेजारच्या वाफ्यातला परागकण सहज येतो. निवडलेल्या झाडावर फुले उमलण्याआधी मलमलची पिशवी चढवली नाही तर तीन हंगामांत प्रतिकार विरघळून जातो आणि दोष वाणाला लागतो. रानटी बियाणे उगवत नाही अशीही तक्रार असते. बियाची साल टणक असते. डोळ्याच्या विरुद्ध बाजूला पात्याने बारीक खाच पाडली की उगवते.

प्रतिकाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तुरीच्या चिकट शेंगांवर ट्रायकोग्रामाची गांधीलमाशी, म्हणजे अळीची अंडी खाणारी आपली मित्र, अडकून मरते. हरभऱ्याची आंबही तिला मानवत नाही. म्हणूनच कापसात किंवा टोमॅटोत चालणारी ट्रायकोकार्डे, म्हणजे ही माशी ज्यांतून निघते ती अंडी चिकटवलेली कार्डे, या दोन पिकांत तितका गुण देत नाहीत. कार्डे विकणारे हे सांगत नाहीत. हरभऱ्यात त्यापेक्षा लहान अळीवर जगणारी कॅम्पोलेटिस ही गांधीलमाशी अधिक उपयोगी, पण ती विकत मिळत नाही. ती शेतात टिकवावी लागते, म्हणजे पहिली फवारणी लांबवावी लागते, म्हणजे पुन्हा प्रश्न वाणावरच येतो.

मग इतकी वर्षे तपासणी झाली तरी शेतकऱ्याच्या हाती काय आले? आले, पण अडखळत. तुरीचा आयसीपीएल ३३२ हा शेंगा पोखरणाऱ्या अळीला बऱ्यापैकी टिकणारा वाण ‘अभया’ या नावाने १९८९ साली आंध्र प्रदेशात प्रसारित झाला. पण तो मर रोगाला बळी पडतो. आपल्याकडच्या भारी काळ्या जमिनीत, जिथे वर्षानुवर्षे तुरीवर तूर घेतली जाते, तिथे मर न सोसणारा वाण अळीला कितीही टिकला तरी उभाच राहत नाही. हरभऱ्यातही हेच दुखणे. घाटेअळीला टिकणारे बरेच नमुने मर रोगात गेले. ही गाठ सोडवण्यासारखी आहे, पण त्यासाठी कीटकशास्त्रज्ञ, रोगशास्त्रज्ञ आणि पैदासकार यांनी एकाच पिढीवर एकाच वेळी काम केले पाहिजे.

आमच्या मते खरी मेख इथे आहे. पैदासकार ज्या वाफ्यात झाडे निवडतो तो वाफा बहुतेक वेळा शिफारशीप्रमाणे फवारलेला असतो. कारण समजण्यासारखे आहे. उत्पादनाची तुलना करायची तर किडीचा गोंधळ नको. पण फवाऱ्याखाली अळीला बळी पडणारे झाड आणि टिकणारे झाड सारखेच दिसते. पाच-सहा पिढ्या अशा निवडीतून गेल्यावर उरलेले मोजके वाण कीटकशास्त्रज्ञाकडे ‘जरा किडीसाठी बघून द्या’ म्हणून येतात. तोवर प्रतिकाराची झाडे वाटेत कधीच गळालेली असतात, आणि अहवालात वाक्य येते की एकाही वाणात लक्षणीय प्रतिकार आढळला नाही. आढळणार कुठून?

न फवारलेला वाफा म्हणजे वाऱ्यावर सोडलेला वाफा नव्हे. त्यालाही शिस्त लागते. सगळ्यात मोठी चूक वेगवेगळ्या मुदतीचे वाण एकत्र लावण्याची. लवकर फुलणारा वाण पतंगांची लाट यायच्या आत शेंगा भरून मोकळा होतो, आणि प्रतिकारक म्हणून छापला जातो. तो प्रतिकारक नाही, निसटलेला आहे. पुढच्या वर्षी पाऊस लांबला, पेरणी तीन आठवडे सरकली, की तोच वाण सपाट होतो. म्हणून मुदतीप्रमाणे गट पाडावेत, प्रत्येक गटात त्याच मुदतीचा बळी पडणारा आणि टिकणारा तुल्य वाण असावा, आणि ते दर दहा-बारा नमुन्यांमागे पुन्हा यावेत. अळी सगळीकडे सारखी पसरावी म्हणून बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी पंधरा-वीस दिवस आधी मधे-मधे पेराव्यात. शेजारच्या प्लॉटमधला फवारा वाऱ्याने इकडे येऊ नये. पक्षीथांबे लावायचे तर सगळ्या वाफ्यात सारखे. एकाच बांधाला लावले तर त्या बाजूचे वाण कोतवाल आणि साळुंक्यांच्या कृपेने प्रतिकारक ठरतात.

काढणीच्या वेळची शेंगमोजणी हा कामाचा गाभा. प्रत्येक वाफ्यातून पाच झाडे घेऊन, शेंगा मिसळून, किमान दोनशे शेंगा मोजाव्यात आणि कोणत्या किडीने किती खाल्ल्या हे वेगळे लिहावे. घाटेअळीचे भोक गोल, मोठे आणि साफ कडांचे असते, कारण ती डोके शेंगेत आणि धड बाहेर ठेवून खाते. पिसारी पतंगाच्या अळीचे भोक त्याहून लहान. मारुकाची अळी फुले आणि शेंगा जाळ्याने एकत्र बांधते, आत विष्ठेचा चुरा असतो. गुच्छाने फुलणाऱ्या वाणांत ती जास्त, पसरून फुलणाऱ्यांत कमी. शेंगमाशी मात्र बाहेरून काहीच दाखवत नाही. तिची अळी दाण्यात नागमोडी चर पाडते आणि कोषात जाण्याआधी सालीला आतून पातळ खिडकी कोरून ठेवते, पुढे माशी तिथूनच निघते. त्यामुळे शेंग सोलल्याशिवाय शेंगमाशीचा आकडा लिहिणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. पोपटांनी फाडलेल्या शेंगा याच ढिगात घालू नयेत.

आकडा काढण्याची रीत सोपी आहे. तुल्य वाणाच्या किडक्या शेंगांच्या टक्क्यांतून चाचणी वाणाचे टक्के वजा करा, तुल्य वाणाच्या टक्क्यांनी भागा, शंभराने गुणा. तुल्य वाणात ४० आणि चाचणीत २६ असेल तर उत्तर ३५ येते. एक ते नऊच्या प्रचलित श्रेणीत २५ ते ५० ची पायरी चौथी. सहावी पायरी म्हणजे तुल्य वाणाच्या बरोबरीचा, त्यापुढे त्याहून वाईट. पण टक्क्यांवर आंधळा विश्वास नको. एका वाणाला झाडामागे चारशे शेंगा आणि दुसऱ्याला दोनशे असतील, तर तितक्याच अळ्यांनी तितक्याच शेंगा खाल्ल्या तरी पहिल्याचे टक्के निम्मे दिसतात. शेंगांची संख्या आणि दाण्याचे वजन शेजारी हवेच.

सोसण्याचा गुण तर या मोजणीत उतरतच नाही. त्यासाठी एकच वाण दोन वाफ्यांत हवा, एक फवारलेला, एक न फवारलेला. समजा एका वाणाने फवारून हेक्टरी १६ क्विंटल दिले आणि न फवारता १२, तर घट २५ टक्के. दुसऱ्याने फवारून २० आणि न फवारता १२, घट ४० टक्के. आजच्या पद्धतीत दुसरा वाण पहिला नंबर काढतो. ज्याच्याकडे पाणी, पंप आणि फवारणीचे पैसे आहेत त्याच्यासाठी तो बरोबरही आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र दोन्ही वाण १२ क्विंटलचेच आहेत, आणि त्याला हे कोणी सांगितलेले नसते. पहिला बहर गेल्यावर तूर पुन्हा फुलते हे खरे, पण त्यासाठी जमिनीत ओल लागते. डिसेंबरात भेगाळलेल्या हलक्या रानात सोसणारा वाणही सोसत नाही. म्हणून ही तुलना बागायती आणि कोरडवाहू अशी वेगळी छापली पाहिजे.

साठवणीतल्या भुंग्याबद्दल थोडक्यात. तिथे निसर्गाने जास्त उदारपणा दाखवला आहे. मादागास्करमधल्या रानमुगाचा टीसी १९६६ हा नमुना भुंग्याला जवळजवळ दाद देत नाही आणि तो गुण मुख्यतः एका प्रबळ जनुकाचा, त्यामुळे संकराने उचलता येतो. राजम्याच्या हजारो लागवडीच्या नमुन्यांत पुरेसा प्रतिकार मिळाला नाही, तो मेक्सिकोतल्या रानटी राजम्यात मिळाला. त्यातल्या प्रथिनाला तिथल्या आर्सेलिया गावावरून आर्सेलिन हे नाव पडले. चवळीचा टीव्हीयू २०२७ हा नायजेरियातला नमुनाही असाच गाजला. त्याचे कारण म्हणून आधी भुंग्याचे पचन रोखणाऱ्या ट्रिप्सिनरोधक प्रथिनाकडे बोट दाखवले गेले, नंतरच्या कामाने ते दाण्यात साठणाऱ्या दुसऱ्या प्रथिनांकडे वळवले.

ही चाचणी तर बियाणे केंद्रात डब्यांवर होऊ शकते. पन्नास निरोगी दाणे, नुकतेच निघालेले भुंग्यांचे पाच जोड, तीन दिवस अंडी घालू द्यायची, मग भुंगे काढायचे. अंडी मोजून वाण ठरवू नये. टीसी १९६६ वरही भुंगा अंडी घालतो, फक्त आत शिरलेली अळी वाढत नाही. दाण्यावरचे अंडे काचेसारखे पारदर्शक असेल तर ते फुटलेले नाही, पांढरे-अपारदर्शक झाले असेल तर अळी दाण्यात शिरली आणि मागे भुसा भरून गेली. अशी पांढरी अंडी किती आणि पुढच्या पन्नास दिवसांत बाहेर पडलेले भुंगे किती, यांचे प्रमाण म्हणजे खरा आकडा. दाणे ओलसर किंवा आधीच किडके असतील तर सगळेच बिघडते, कारण भुंग्याची लागण शेतात वाळत्या शेंगांवरच सुरू होते. आणि भुंग्याला मारणारे प्रथिन शिजवल्यावर माणसाला निर्धोक आहे ना, हे तपासल्याशिवाय असा वाण ताटात येता कामा नये.

एका जनुकावर विसंबण्याचा धोका अमेरिकेत दिसला आहे. सोयाबीनच्या माव्याला रोखणारे रॅग १ हे जनुक ओळखले गेले त्याच सुमारास ओहायोत त्याला न जुमानणारा मावाही सापडला. म्हणून तुरीत लव, शेंगेची जाड साल आणि पुन्हा फुलण्याची ताकद असे दोन-तीन साधारण गुण एकत्र आणणे आम्हाला अधिक भरवशाचे वाटते. जाड सालीने ओले सोले सोलायला त्रास होईल, ही घरची तक्रार आम्हाला मान्य आहे.

आपल्याकडे साधने नाहीत असे नाही. बदनापूर, राहुरी, अकोला इथे तूर-हरभऱ्याचे काम चालते, राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचे प्रादेशिक केंद्र अकोल्यातच आहे, आणि तुरीचे रानटी नातलग सह्याद्रीत अजून उभे आहेत. तिथून बी आणायचे तर शेंग वाळण्याआधी पिशवी बांधून ठेवावी लागते, नाही तर ती तडकून बी गवतात जाते. आमचे मागणे एवढेच, की निवडीच्या चौथ्या-पाचव्या पिढीपासून प्रत्येक चाचणीत दोन पुनरावृत्त्या, म्हणजे त्याच वाणांचे दोन संच, न फवारलेल्या ठेवाव्यात आणि वाण प्रसारित करताना तुल्य वाणाच्या शेजारी त्याचे किडक्या शेंगांचे टक्के, संरक्षित आणि असंरक्षित उत्पादन, किती ठिकाणी आणि किती वर्षे, हे आकडे पिशवीवर छापावेत. मर आणि वांझेला जागा मिळते, याला दोन ओळी मिळतील.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. नव्या वाणाची बातमी घेताना हेक्टरी क्विंटलचा आकडा लिहून घेतला, की लगेच विचारावे की हा आकडा फवारलेल्या वाफ्यातला की न फवारलेल्या. न फवारलेल्याचा आकडा नसेल, तर बातमीत तसे लिहावे.

आपले,
कडधान्यांच्या कीड-चाचण्यांचे काम करणारे काही वाचक